रेघ वर येईना

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. हे माझ्या नणंदेच्या घरात घडलंय. जबलपुरातल्या महाराजपूर भागात. गेल्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याची रात्र, पावणेआठ.

ही नणंद, प्रणोती, विजांवर संशोधन करते. गच्चीवर अँटेना, खोलीत यंत्र. दूरच्या एका केंद्राच्या, अगदी कमी कंपनांच्या रेडिओ लहरी ते पकडतं आणि पडद्यावर सरळ रेघ काढतं. रात्री कुठं जोराची वीज पडली, की उंचावरून इलेक्ट्रॉन खाली झरतात, वाटेतल्या त्या लहरी अडखळतात...

रेघ खचकन बसते. मिनिटभरात हळूहळू वर येते.

त्या रात्री तिचा दहा महिन्यांचा मुलगा वेदांग तापानं फणफणला होता. तिचा नवरा गौतम डॉक्टरांना आणायला शहरातल्याच गोरखपूर भागात गेला होता.

रेघ बसली.

प्रणोतीनं सवयीनं नुकत्याच पडलेल्या विजांची इंटरनेटवरची यादी बघितली... रिकामी. बाहेर आभाळ स्वच्छ.

आणि मांडीवरच्या वेदांगचा श्वास थांबला.

ओठ निळे पडले. तिनं पाठ चोळली, हाका मारल्या...

रेघ वर आली, तसा वेदांगनं श्वास घेतला.

तिनं फोन लावला. "गौतम, बाळाचा श्वास अडकून राहिला रे!"

"डॉक्टर गाडीतच आहेत. जाम लागलाय, येऊनच राहिलो."

"रेघ बसली की याचा श्वास जातो..."

"आग लाव त्या रेघेला! बंद कर ना ते! काहून बघत बसली?"

रेघ पुन्हा बसली. श्वास पुन्हा गेला.

या वेळी ती वर येईना.

बाळाला छातीशी धरून प्रणोती अँटेनाची वायर उपटायला धावली.

वायर... काढलेलीच होती.

दुपारी गडगडलं, तेव्हाच गौतमनं ती गुंडाळून खिळ्याला अडकवली होती.

मग ही रेघ काढत कोण होतं?

ती पडद्यासमोर गुडघ्यांवर बसली. "जो कोणी असशील, माझा श्वास घे. याचा सोड रे बाबा... सोड..."

कितीतरी वेळ काहीच नाही.

मग रेघ केसभर हलली... आणि वेदांग रडला.

डॉक्टर म्हणाले, तापाचा झटका. असेलही. वेदांग आता घरभर पळतो, माझ्या लेकीच्या वेण्या ओढतो.

पण ते यंत्र प्रणोती कुणाला बंद करू देत नाही. "रेघ मिटली तर?" एवढंच म्हणते.

परवा मी तिथं होते. वायर अजून खिळ्यालाच आहे. रेघ किंचित खाली आली...

बोलता बोलता प्रणोती उठली, आणि झोपलेल्या वेदांगच्या नाकाशी बोट धरून उभी राहिली.