बाबांच्या खुर्चीतला ढोल

"हा खाली तोंड करून वाजतो की समोर?"

करंजाड्याहून पनवेल स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षात शेजारच्या माणसाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माझ्या मांडीवर जुन्या चादरीत बांधलेला सबवूफर होता, जाड आवाज काढणारा स्पीकरचा डबा. त्याच्या मांडीवर ड्रिल मशीन आणि वायरचं भेंडोळं.

"खाली," मी म्हणाले. "विकायला नेतेय. आवाज येत नाही."

"कोणाला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. बिघडलेल्या वस्तूबद्दल लोक 'कधीपासून' विचारतात. 'कोणाला' असं कोणी विचारत नाही.

"बाबांना येत नव्हता," मी म्हणाले. "आता बाबा नाहीत."

तो पुढच्या वळणापर्यंत वायरचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिला. मग हळूच म्हणाला, "ते बसायचे कुठे?"

"हॉलमध्ये. पंख्याखाली."

"म्हणजे बरोब्बर मधोमध..." तो जरा पुढे सरकून बसला. "मी कुंदन. गव्हाणचा. घरोघरी हेच बसवत फिरतो. तुम्ही खुशाल विका, पण खराब म्हणून विकू नका. रविवारी येऊन एकदा बघू?"

"आणि काही सापडलं नाही तर?"

"तर मीच हा मांडीवर घेऊन दुकानात जाईन. चादरीसकट."

मला हसू आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी त्याला पत्ता आणि नंबर दिला. स्टेशनपाशी रिक्षावाला म्हणाला, "ताई, उतरताय ना?" मी म्हणाले, "नाही, परत चला."

बाबांचं नाव धर्मराज. आम्ही मूळचे उरणचे, दर्यावर पोट असलेले. बाबांनी मात्र बंदरात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर करंजाड्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सबवूफर त्यांनी एकाच डीव्हीडीसाठी आणला होता. चुलतभावाच्या हळदीची डीव्हीडी. त्यात बाबा बँडवाल्याच्या गळ्यातला मोठा ढोल काढून घेतात आणि एक अख्खं गाणं स्वतः वाजवतात.

गेल्या नोव्हेंबरपासून रोज संध्याकाळी ते ती लावायचे आणि रोज म्हणायचे, "पूर्वी गो, माजाच ढोल मला ऐकू येत नाय." मग आवाज वाढवायचे. स्वयंपाकघरात पातेली थरथरायची, खालच्या मजल्यावरून निरोप यायचा. मी कॉलेजच्या लायब्ररीतून दमून आलेली असायचे. एकदा म्हणाले, "बाबा, वय झालं. कान गेले तुमचे." त्यांनी रिमोट उचलून आवाज अजून वाढवला.

जानेवारीत एका सकाळी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला.

तेव्हापासून ते वाक्य मला सोडत नव्हतं. ऐकू येत नाय... हीच तर खूण होती ना? दोन महिने ते मला सांगत होते आणि मी हसण्यावारी नेलं. डॉक्टर म्हणाले, कानाचा काही संबंध नाही. मी मान डोलावली, आणि विश्वास ठेवला नाही.

रविवारी कुंदन आला. चपला बाहेर काढून, पाय धुऊन. आईने, ठमाबाईने, दारातच विचारलं, "गव्हानचा कुनाचा रं तू?"

"कमळाकर मास्तरांचा."

"मास्तरांचा! मंग बस. चहा पितस का कोकम?"

बस म्हटल्यावर तो जमिनीवरच बसला. हॉलमध्ये मधोमध बाबांची वेताची खुर्ची होती. तीन महिने तिच्यात कोणी बसलं नव्हतं. त्याने सबवूफर आधी होता त्या जागी, टीव्हीजवळच्या कोपऱ्यात जोडला आणि मला म्हणाला, "आता खुर्चीत बसायला लागेल. तुम्ही बसा."

"तुम्हीच बसा ना. तुम्हाला कळतं त्यातलं."

"मी नाही बसणार," तो म्हणाला. "ती जागा माझी नाही."

मी बसले. वेत करकरला. आईने पदर तोंडाला लावला.

पडद्यावर बाबा आले. अंगभर हळद, गळ्यात ढोल. त्यांनी हात उचलला, ढोलावर टिपरू पडलं... आणि काहीच आलं नाही. सनई येत होती, झांजा येत होत्या, बायकांचं हसणं येत होतं. बाबा जीव तोडून वाजवत होते आणि ढोल मुका होता.

"बघा," मी म्हणाले. "खराबच आहे."

"उठा. आता मागे या... भिंतीपर्यंत."

मी चार पावलं मागे गेले, आणि ढोल छातीत वाजला. मी परत खुर्चीकडे गेले. ढोल गेला. भिंतीकडे आले. ढोल आला. तीनदा, चारदा. मी वेड्यासारखी ये-जा करत होते आणि तो शांतपणे बघत होता.

"खाडीच्या तोंडाशी दोन बाजूंनी लाटा येतात," तो म्हणाला. "मध्येच एखाद्या ठिकाणी एकमेकींना भिडून पाणी नुसतं उभं राहतं. पाहिलंय ना? ढोलाचा जाड आवाज खोलीत तसाच भिंतींवरून परत येतो. ही खुर्ची नेमकी त्या थांबलेल्या पाण्यात आहे."

"म्हणजे बाबांचे कान..."

"ठणठणीत! या खुर्चीत मला बसवलं तरी मला ऐकू येणार नाही. तुम्हाला तरी आला का?"

नव्हता आला. मला नव्हता आला.

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. रडू आलं, पण ते जानेवारीतलं नव्हतं. जड पिशवी खूप लांबून आणून खाली ठेवल्यावर हात आपोआप वर येतात, तसं काहीसं. मग मीच सांगितलं सगळं – ती खूण, जी खूण नव्हतीच. ऐकून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "मग हा विकायचा नाही ना?"

"नाही."

"खुर्ची हलवू या थोडी?"

"खुर्ची नाय हलनार," आई म्हणाली.

"मग डबा हलवू. पण त्याची एक रीत आहे, काकी... डबा खुर्चीत ठेवायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत ऐकायचं. जिथे ढोल गोड लागेल, तिथे मग डब्याची जागा."

मी आईकडे पाहिलं. त्यांच्या खुर्चीत डबा?  मग स्वतःच पुढे होऊन तिने वेतावरची धूळ पदराने पुसली. "ठेव. इतके दिस रिकामीच हाय."

खुर्चीतून बाबांचा ढोल वाजू लागला. कुंदन टीव्हीकडून रांगत निघाला, मी दारापासून. आई हसून हसून बेजार. भिंतीलगतच्या आईच्या शिवणयंत्राखाली आमची डोकी आपटली.

"इथे!" दोघंही एकदम म्हणालो.

"लागलं?" त्याने विचारलं. इतक्या जवळून की त्याच्या पापणीवर बसलेलं जळमट मला दिसत होतं.

"ऐकू येतंय," मी म्हणाले. विचारलं भलतंच होतं, हे नंतर लक्षात आलं.

शिवणयंत्र दुसऱ्या खोलीत गेलं, सबवूफर त्या जागी आला. काम संपलं. पण पुढच्या रविवारी ढोल नको इतका घुमायला लागला. मी फोन केला. तो आला, डब्यामागचा आवाजाचा नॉब जरासा फिरवून कोकम पिऊन गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. असे पाच रविवार. मी ओढणी इस्त्री करायला लागले. तो येताना कधी जांभळं आणायचा, कधी नुसताच यायचा.

सहाव्या रविवारी तो बराच वेळ सबवूफरमागे बसून राहिला.

"पूर्वी... एक विचारू? नॉब आपोआप फिरत नाही."

"मला काय सांगताय?"

"नाही म्हणजे... मला वाटलं, तुम्हीच फिरवत असाल. मला बरं वाटायचं."

माझे कान तापले. "मी? मला वाटलं तुम्हीच जाताना फिरवून ठेवता. मलाही..."

"मलाही काय?"

"...बरंच वाटायचं."

तो हसला नाही. त्याने मला जवळ बोलावून नॉब दाखवला. काळ्या नॉबवर बोटाचा ठसा होता. पिवळा, ताज्या हळदीचा. स्वयंपाकघरात आई बोंबिलांना हळद-मीठ लावत होती.

"आई!"

"मीच फिरवते," ती आतूनच म्हणाली. "नायतर तुमी दोगं जलमभर भुईवर रांगत बसाल. सांगून टाक रं तिला काय ते. बोंबील तळायचे हायत."

तो तिथेच, जमिनीवर, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन म्हणाला, "मला नॉबशिवाय यायचंय. रविवार नसतानाही. चालेल?"

  मी डीव्हीडी लावली आणि बाबांच्या खुर्चीत जाऊन बसले. तो खुर्चीला टेकून खाली बसला. बाबांनी हात उचलला, टिपरू पडलं आणि ढोल आला. तळपायातून, वेतातून, अगदी आतपर्यंत.

"येतोय ऐकू?" त्याने वर न बघता विचारलं.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"येतोय," मी म्हणाले. "आणि तूही येत जा."