काजळी लागलेलं बियाणं

डोळ्यांपुढे आणा बरं : चूल पेटली आहे आणि तिच्यावर, धुरात, भाताच्या लोंब्यांच्या जुड्या टांगल्या आहेत. फिलिपिन्समधल्या इफुगाओच्या डोंगरात त्या घरोघरी असतात. आणि एके दिवशी वर पाहावं, तर जुड्याच नाहीत! नाताळच्या सुट्टीत घरी आलेल्या जोवेलिनला हेच दिसलं.

"आई! मावशीचं बियाणं कुठाय?"

इंदुनायमावशी महिन्यापूर्वी वारली होती. कापणीआधी शेतभर फिरून बियाण्याच्या लोंब्या तीच निवडायची. दुसरं कुणी त्यांना हात लावत नसे.

आई धावत आली. "उद्या पेरायचं होतं गं! शेतकऱ्यांचा संघ चांगला भाव देतो तो आपल्या या लाल तांदळालाच. तो पिकला नाही, तर मला तैवानला घरकामाला जावं लागेल."

"उंदरांनी नेलं असेल!" धाकटा डेक्स्टर म्हणाला.

"जुड्यांच्या गाठी सोडवून? फारच शिकलेले उंदीर दिसतायत!" जोवेलिन म्हणाली.

दोघं शोधत शोधत गिरणीमागे पोचली. तिथे कोंड्याचा ढीग होता.

"ताई, हा कोंडा काळा कसा?"

"काजळी आहे ती! धुरातलं भात इथे भरडलंय!"

गिरणीपाशी मामा बसला होता. खाणीत पंधरा वर्षं काढून तो नुकताच परतला होता. "हो, चुलीवरचं भात मीच आणलं," त्यांचं बोलणं ऐकून तो हसत म्हणाला. "संघाचं पोतं भरत नव्हतं. का, काय झालं?"

जोवेलिनने सांगितलं. मामाचं हसू मावळलं.

पोतं अजून रस्त्यावरच होतं, ट्रकची वाट बघत.

"थांबा!" जोवेलिन ओरडली. "गिरणी प्रत्येक दाणा सोलते का?"

"छे! कालच माझ्या दातात साल अडकलं!" डेक्स्टर म्हणाला.

"मग सालासकट राहिलेले दाणे अजून रुजतील!"

चटईवर तांदूळ पसरला. मामाही मान खाली घालून निवडायला बसला. संध्याकाळपर्यंत सालासकट राहिलेले दाणे जमले. जेमतेम दीड वाटी!

आईने दोघांना जवळ घेतलं. "आम्हा मोठ्यांना सुचलं नसतं रे हे! पण यात एक चिंचोळं खाचर होईल. संघाला देण्याइतकं पिकायला दोन वर्षं लागतील. तोवर मला जावंच लागेल."

जोवेलिनने वाटीतला एक दाणा उचलून निरखला.

"आई, कुठली लोंबी बियाण्याची, हे मावशी कसं ओळखायची?"

"कधी विचारलंच नाही गं तिला."

दुसऱ्या दिवशी जोवेलिन वाटी घेऊन सगळ्यात लहान खाचरात उतरली. तिने बी फेकलं नाही. एकेक दाणा, हातभर अंतरावर, थंड चिखलात दाबत गेली. प्रत्येक रोप तिला वेगळं पाहता यायला हवं होतं.