मुर्दियातीबाईंचं पथ्य

मुर्दियातीबाईंच्या हातावर गरम चहा सांडला, तरी त्या बोलतच राहिल्या. बोटं लाल झालेली पाहून सून किंचाळली, तेव्हा कुठे त्यांनी खाली बघितलं.

“बघितलंत? मला कळतच नाही,” त्या कुस्तियाहना म्हणाल्या. “आधी पावलं गेली, मग बोटं. आठ महिने झाले. या घरात कुणीतरी मला विष घालतंय. कोण, ते तुम्ही शोधा.”

आवाजात भीती नव्हती. शेजारणीचं दुखणं सांगावं, तसं त्या सांगत होत्या.

कुस्तियाह इंडोनेशियातल्या सोलो शहरात खासगी तपासाची कामं घेत. त्याआधीची वीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेली होती. सोबत त्यांचे यजमान दार्सोनो असत. निवृत्त शाळामास्तर; गाडी चालवायचे आणि न विचारता मत द्यायचे.

मुर्दियातीबाईंच्या हातच्या बाटिकला, मेणानं नक्षी रेखून रंगवलेल्या कापडाला, साऱ्या लावेयान पेठेत मान होता. गरम मेणाची लेखणी कापडावर टेकवली की रेघ उचलेपर्यंत थरथरत नसे. आता तीच लेखणी हातात राहत नव्हती.

दार्सोनोंनी त्यांचा भाजलेला हात ओल्या फडक्यात धरला. “तळव्याला पिवळं काय लागलंय? हळद?”

“हळद मला चालत नाही. रंगाचं पाणी असेल.”

“रंगाला शेवटचा हात कधी लावलात?” कुस्तियाहनी विचारलं.

“पाच महिने झाले असतील.”

स्वयंपाकघरात भिंतीवर पथ्याचा कागद डकवला होता. दोन वर्षांपूर्वी बाईंचं अर्धं पोट कापून काढावं लागलं, त्यानंतर आहारतज्ज्ञांनी एकेक पदार्थ तपासून तो लिहिला होता. दूध, अंडी, मासळी, कोळंबी सोसत नाही. मांस पचत नाही. त्याऐवजी आंबवलेल्या सोयाबीनचं टेम्पे, टोफू, शेवग्याचा पाला, मऊ भात, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. शेवटी लिहिलं होतं : लाल गोळी रोज एक, न चुकता.

स्वयंपाकीण तुकिनेम कंबरेवर हात ठेवून उभी होती.

“माझ्यावरच संशय असणार, माहितीय मला. तीस वर्षं रांधतेय! बाईंच्या भांड्यातलंच उरलेलं मी खाते. मला काय झालंय?”

“गोळी कोण देतं?”

“मीच. धाकट्या बाई, म्हणजे बाईंची बहीण, औषधाच्या दुकानातून आणून बाटलीत भरून ठेवतात. हल्ली कंपनी बदलली म्हणाल्या, म्हणून गोळीचा रंग वेगळा. मी ओल्या हातानं काढते, बाईंच्या तळव्यावर ठेवते. बोटांनी उचलता येत नाही ना त्यांना. बराच वेळ तशीच धरून बसतात.”

“आणि बाटिकचं काम?”

“आता सगळं धाकट्या बाईच काढतात. मोठ्या बाई बाजूला बसून बघतात नुसत्या.” तुकिनेमनं आवाज उतरवला. “आणि खरं सांगू? फरक कुणालाच कळत नाही.”

कुस्तियाहनी फळीवरची तपकिरी बाटली उघडली, आत पाहिलं आणि झाकण लावून टाकलं.

सून प्रास्ती सात महिन्यांची गरोदर होती. नवरा दूर बाताम बेटावर जहाजाच्या गोदीत कामाला. ती आधीच रडवेली झाली होती.

“आई मला पोरीसारखं वागवतात हो. गेल्या वर्षी सगळ्यांसमोर म्हणाल्या, घराण्याच्या नक्षीनमुन्यांची पेटी पुढे प्रास्तीला. मला तर सरळ रेघ येत नाही!”

“औषधं काय घेतेस?”

“लोहाच्या गोळ्या.” तिनं पाकीट दाखवलं. गोळ्या सुकलेल्या रक्तासारख्या गडद होत्या. “दवाखान्यातून एवढंच देतात. तोंडाची पार चव गेलीय.”

दार्सोनो बाहेर आल्याबरोबर कुजबुजले, “पेटी हिला मिळणार. सासू आटोपली की लगेच. सरळ आहे.”

“रेघ सरळ येत नाही म्हणते ती, अहो.”

धाकटी बहीण सुहार्नी मागच्या पडवीत ताणलेल्या कापडापुढे बसली होती. बिनलग्नाची, सत्तावन्न वर्षांची, तालुक्याच्या आरोग्यकेंद्रातून निवृत्त झालेली सुईण. अंगठ्यावर मेणाचे ताजे चटके होते. तिनं लेखणी खाली ठेवली नाही.

“विषबिष काही नाही. वय झालंय तिचं. रक्त तपासून घेतलं मी. हिमोग्लोबिन तेरा! या वयात एवढं कुणाचं असतं?”

“मज्जातंतूंची तपासणी?”

“डॉक्टर म्हणत होते. मीच नको म्हटलं. उगाच सुया टोचायच्या तिला.”

“रेषा सुंदर आहेत,” कुस्तियाह कापडाकडे पाहत म्हणाल्या.

सुहार्नीचा हात क्षणभर थबकला. “आहेत ना?” ती म्हणाली.

दुपारच्या भातानंतर कुस्तियाहनी चौघींना एकत्र बसवलं.

“विषाचा शोध घेत बसलो असतो तर वर्ष गेलं असतं,” त्या म्हणाल्या. “कारण विष नाहीच. या घरात काही घातलं गेलं नाही. काढून घेतलं गेलं.”

“म्हणजे?” दार्सोनो म्हणाले.

“या पथ्यात दूध नाही, अंडं नाही, मासळी नाही, मांस नाही. बाकी सगळं त्या कागदानं भरून काढलंय, एक सोडून. बी-बारा जीवनसत्त्व. ते पाल्यातून मिळत नाही, आणि अर्ध्या पोटाला अन्नातून नीट घेताही येत नाही. म्हणून ती लाल गोळी. सगळं पथ्य त्या एका गोळीवर उभं आहे. ती थांबली की हातापायांचे मज्जातंतू वाळायला लागतात.”

“पण मी एक दिवस चुकवला नाही!” तुकिनेम ओरडली.

“नाहीच चुकवलास.” कुस्तियाहनी बाटली बशीत उपडी केली. बारीक पिवळ्या गोळ्या घरंगळल्या. “लाल गोळीनं ओला तळवा पिवळा होत नाही. हे फॉलिक ॲसिड आहे, गरोदरपणात देतात ते.”

सगळ्यांच्या नजरा प्रास्तीच्या पोटाकडे वळल्या.

“तिच्याकडे बघू नका. तिच्या गोळ्या गडद लाल आहेत. तिला बदलायचीच असती, तर दिसायला जवळची ती चालली असती. पिवळी मुद्दाम निवडली गेली. बी-बारा कमी पडलं की रक्त उतरतं, आणि डॉक्टरांना शंका येते. फॉलिक ॲसिड देत राहिलं की रक्त चांगलं दिसतं, आतून हात मात्र मरत राहतो. हे तुकिनेमला माहीत नाही. प्रास्तीला नाही. जिनं पोटुशा बायकांना आयुष्यभर या गोळ्या वाटल्या, तिला माहीत आहे. बाटली तीच भरते. रक्त तेरा आहे हेही तिनंच सांगितलं, आणि मज्जातंतूंची तपासणी तिनंच नाकारली.”

सुहार्नीनं नाकारलं नाही. ती बहिणीकडे पाहत होती.

“रेषा तू काढायचीस,” ती म्हणाली. “आत ठिपके मी भरायचे. लाखो ठिपके, ताई. चाळीस वर्षं, सुट्टीचा एकेक दिवस. नाव तुझं. आणि पेटी देताना तू तिचं नाव घेतलंस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. मला तुला मारायचं नव्हतं. तू एकदा म्हणावंस एवढंच, ‘हार्नी, तू काढ.’ म्हणालीस तू. मग मला थांबता येईना.”

प्रास्ती हुंदके देत होती. मुर्दियातीबाई कुस्तियाहकडे वळल्या.

“मला राग यायला हवा ना?” त्यांनी विचारलं.

“यायला हवा.”

“येत नाहीये.” त्यांनी थोडी वाट पाहिली, जणू उशिरानं येईल. “हार्नी, तू गावी जा. आजच.”

“पोलिसांना?” दार्सोनोंनी हळूच विचारलं.

“नको.”

सुहार्नी उठली. दारापाशी थांबली. तिला कुणी हाक मारली नाही.

तासाभरात मुर्दियातीबाई दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली. आधी रोज, मग आठवड्याला. चाल बरीच सुधारेल म्हणाले. बोटांचं त्यांनी काही सांगितलं नाही. कुस्तियाहनीही विचारलं नाही.

नर्सनं कागद पुढे ओढला. “आजी, घरी औषधपाण्याचं कोण बघतं? नाव सांगा.”

बाईंचं तोंड सवयीनं उघडलं. मग मिटलं. प्रास्ती पुढे सरकली, पण त्यांनी मान हलवली.

“मी स्वतः,” त्या म्हणाल्या.

“मग इथं सही करा.”

त्यांनी पेन घेतलं. ते बोटांतून निसटून फरशीवर पडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पडलं. नर्सनं शाईचं पॅड पुढे केलं आणि त्यांचा अंगठा धरून कागदावर दाबला.

“झालं का?” त्यांनी विचारलं.

“झालं, आजी.”

अंगठा कागदावरून उचलला गेला होता. त्या तो अजून तसाच दाबून धरून बसल्या होत्या, हवेत.