दार आण, मग बघू

त्याच्या हातात साबणाची वडी होती. मला वाटलं, अंघोळीला निघालेला माणूस वाट चुकून आमच्या दुकानात शिरला.

"नळ पलीकडे आहे," कानस न थांबवता मी म्हटलं.

"नळ नको... किल्ली हवीय."

त्याने वडी उलटी केली. गुलाबी साबणात एका किल्लीचा ठसा उमटला होता, अगदी दात न् दात दिसेल असा. माझं डोकं फिरलं. जिन्याखालच्या आमच्या या पत्र्याच्या दुकानात बाबांचा एक कडक नियम आहे. कुलूप आणा, नाहीतर किल्ली आणा. साबण किंवा मेण घेऊन येणाऱ्याला बाहेरची वाट दाखवायची. स्वतःच्या घराच्या किल्लीचा ठसा कोण कशाला घेत बसेल?

"असली कामं आम्ही करत नाही. निघा!"

"माझ्याच घराची आहे हो."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे? म्हणजे बरेच येतात वाटतं?" तो हसला. भुवईच्या टोकाला वाळलेला साबणाचा फेस लागलेला, आणि हसू असं की रागवायचं कसं तेच मी क्षणभर विसरले. मला! गल्लीत मला सगळे 'किल्ली' म्हणतात, ते काही नुसत्या धंद्यामुळे नाही, माझ्या जिभेलाही दात आहेत.

मग त्याने सांगितलं. तो उंच इमारतींच्या काचा पुसतो, दोरावर लटकून. शेवटच्या चाळीत वरच्या मजल्यावर आई आणि तो नवीन राहायला आलेत. आई शर्टांच्या कॉलरी शिवते. आधीच्या वस्तीत तिचं शिलाई मशीन चोरांनी नेलं. हे दुसरं जोडायला तिने जिवाचं रान केलं, आणि तेव्हापासून घराची एकुलती एक किल्ली तिच्या गळ्यात असते. दुसरी करायची म्हटलं की म्हणते, दुसरी म्हणजे चोराची. ती शिवलेला माल पोचवायला गेली, की हा कामावरून येऊन बंद दारासमोर पायरीवर बसून राहतो.

"काल तिला डुलकी लागली तेव्हा ठसा घेतला. स्वतःच्याच घरात चोरी केली म्हणा ना!"

ते घर मला माहीत होतं. म्हणजे माहीत नव्हतं, हीच तर गोष्ट होती. आमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर खिळेच खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्यावर गल्लीतल्या एकेका घराची जादा किल्ली. कशावरही नाव नाही. कुठे लाल दोरा, कुठे तुटकं बटण, आणि कुठली कोणाची ते फक्त बाबांना आणि मला ठाऊक. ही गल्ली कशी आहे म्हणाल, तर पाहुणे खिशावर हात ठेवूनच आत येतात आणि पोलिसांची गाडी दर चार दिवसांनी चक्कर मारते. पण त्या भिंतीला आजवर कोणी बोट लावलेलं नाही. मी लहानपणापासून बघते आहे, तरी अजून मला त्याचं नवल वाटतं. फक्त शेवटच्या चाळीतल्या त्या घराची किल्ली तिथे नव्हती.

"कुलूप काढून आणा," मी जरा नरमाईने म्हटलं.

"दारातच बसवलेलं आहे. स्क्रू गंजलेत."

"मग दार आणा!"

मागे बसलेले बाबा खुदकन हसले. तो मात्र हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला... एवढं कोणी बघतं का?

"दार आणलं तर कराल?"

"आणा तर खरं. मग बघू."

साबणाची वडी तो फळीवरच विसरून गेला. दिवसभर लोखंडाच्या किसात गुलाबाचा वास दरवळत होता, आणि मी ती वडी काही उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी गल्लीत गलका झाला. मला वाटलं, झाली कोणाची तरी मारामारी. मान बाहेर काढली आणि हातातली कानस हातातच राहिली. एक निळं दार गल्लीतून चालत येत होतं! दाराखाली दोन पाय. भाजीवाल्या टोपल्या ओढून घेत होत्या, रिक्षावाले हॉर्न वाजवायचे विसरले होते, आणि एरवी कोणाला वाट न देणारी आमची गल्ली दोन्ही बाजूंना सरकून वाट देत होती. माझ्या एका शब्दावर कोणी घराचं दार उचलून आणतंय! खरं सांगते, इतकं भारी मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

दार दुकानाला टेकलं. मागून घामाने निथळलेला तो चेहरा आला.

"आणलं."

"वेडा आहेस का तू?" अहो-जाहो कधी गळून पडलं ते मला कळलंच नाही. "आणि किल्लीशिवाय काढलंस कसं?"

"बिजागऱ्या बाहेरून आहेत. खिळे ठोकून काढले, निघालं."

बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "गळ्यात किल्ली... आणि बिजागऱ्या बाहेरून!"

मी कोरी किल्ली कुलपात घालून पिळली, बाहेर काढली, तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा कानशीने घासल्या, पुन्हा घातली. तो श्वास रोखून बघत होता.

"तुझ्या हाताला डोळे आहेत," तो हळूच म्हणाला.

"आणि तुझ्या जिभेला साखर. बाजूला हो, उजेड अडतोय."

"तुझा उजेड मला रोज दिसतो. त्या समोरच्या उंच इमारतीवर लटकलेला असतो ना, तेव्हा खाली नुसते पत्रेच पत्रे दिसतात... आणि मधेच एका ठिकाणी ठिणग्या उडतात. तुझं घासायचं चाक."

"एवढ्या वरून ठिणग्या दिसतात?"

"काच नीट पुसली की दिसतात."

मी मान खाली घातली. उगाच तीच खाच पुन्हा घासली. तेवढ्यात बाहेर किंकाळी फुटली.

"हे... हे आपलं दार?"

त्याची आई! खांद्यावर कापडांचं गाठोडं, आणि मूठ गळ्यातल्या किल्लीवर घट्ट. तिने दाराकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आणि मशीन?"

त्या एका शब्दाने त्याचं हसू उडालं. दार आणायच्या नादात घर उघडं टाकल्याचं या शहाण्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही नाही! आम्ही तिघं धावलो. दुकान बाबांवर टाकून मी पायात चप्पल न घालता धावले. अशा गल्लीत उघडं घर, म्हणजे आत भिंती तरी शिल्लक राहतील का? मावशी, म्हणजे त्याची आई, जिन्यात दोनदा अडखळल्या. "मशीन गेलं तर मी संपले रे," एवढंच त्या म्हणत होत्या.

वर पोचलो, तर उंबऱ्यावर पाय पसरून कात्री बसला होता.

कात्री म्हणजे आमच्या गल्लीतला नावाजलेला खिसेकापू. दोन बोटांत तो तुमचं पाकीट काढेल आणि वर तुम्हालाच वेळ विचारेल. मावशी मटकन जिन्यातच बसल्या.

कात्री मात्र उठला तो भडकलेलाच. "मावशी, या पोराला काही समजवा! घर उघडं टाकून कोणी जातं का? दिवस कसले आलेत! माझा दुपारचा धंदा बुडाला इथे."

"तू... राखण करत होतास?" मी विचारलं.

"मग काय करणार? आपल्या गल्लीतलं घर ना! माठातलं पाणी तेवढं प्यालो, मावशी. बाकी सगळं जागेवर आहे."

आम्ही आत डोकावलो. मशीन खिडकीपाशी होतं. सुईखाली अर्धी शिवलेली कॉलर, जशी ठेवून गेल्या होत्या तशीच. मावशींनी मशीनवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मी त्या दार नसलेल्या चौकटीत उभी होते आणि माझे डोळे भरून आले.

जाता जाता कात्री थांबला. "एक सांगू, मावशी? तुमच्या बिजागऱ्या बाहेरून आहेत, हे आम्हाला तुम्ही राहायला आलात त्या दिवसापासून माहीत आहे."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. डोळे पुसून त्यांनी गळ्यातला दोरा काढला, किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली आणि विचारलं, "पोरी, तुमच्या त्या भिंतीवर एखादा खिळा मोकळा आहे का गं?"

संध्याकाळी तो दार न्यायला आला.

"एक किल्ली तुला, एक भिंतीवर," मी म्हटलं. "मावशींची त्यांना परत दिली. झालं ना?"

"अजून एक कर."

"ती कोणाला?"

त्याने घाईघाईने दार पाठीवर घेतलं, आता मला फक्त निळ्या फळ्या आणि दोन पाय दिसत होते.

"ती तुझ्याकडे ठेव... भिंतीवर नको. तुझ्यापाशी."

मी हातातली कानस खाली ठेवली. "आमचा नियम आहे. दुसऱ्याच्या घराची किल्ली भिंतीवर टांगायची, आपल्यापाशी ठेवायची नाही."

"मग दुसऱ्याचं नको ना समजूस..."

"हे दार बोलतंय की तू?"

"दार," आतून आवाज आला. "माझी हिंमत नाही."

"मग दाराला सांग," मी म्हटलं, "बघू."

दार एकदम जागच्या जागी उडालं. 'बघू' म्हणजे काय, हे त्याला आता चांगलं कळत होतं! भाजीवालीच्या टोपलीला धक्का देत, तिच्या शिव्या खात ते निळं दार नाचत गल्लीतून निघून गेलं.

मी कोरी किल्ली शिकंज्यात धरली आणि घासायला लागले. बाबांना हल्ली धूसर दिसतं, पण कानशीचा आवाज त्यांना बरोबर कळतो.

"तीच किल्ली पुन्हा करतेयस," ते म्हणाले. "आता कोणाची?"

माझा हात थांबला. खोटं बोलणं जमेना, खरं बोलायची लाज वाटत होती.

"त्या घरातल्याच माणसाची, बाबा... होणाऱ्या."

बाबांनी हाताने चाचपडत बारीक दातांची कानस शोधली आणि माझ्यापुढे सरकवली.

"मग कडा नीट घास," ते म्हणाले. "रोज वापरायची आहे."