आलो रं बाळा

खासबागेत त्या आठवड्यात सूर्यानं तोंडच दाखवलं नव्हतं. श्रावणातली झिमझिम, तीही धुक्यासारखी. छत्री उघडावी तर उगीच वाटायचं, न उघडावी तर केस ओले. अशा एका संध्याकाळी दीप्ती हातात खोकं घेऊन मागच्या गल्लीतलं एक घर शोधत होती.

खोकं तिचं नव्हतं. कॅम्पातल्या शाळेत चित्रकलेचे तास संपवून ती खोलीवर आली, तेव्हा घरमालकीण शालूबाईंनी ते तिच्यासमोर ठेवलं होतं. त्यावर नाव होतं राजमती मगदूम, पत्ता मागच्या गल्लीतला. म्हणजे दीप्तीनं मागवलेल्या सँडल नक्कीच या राजमतीबाईंकडं जाऊन पडल्या होत्या.

फाटक सापडलं. बाजूला एक छोटी, चकचकीत बेल होती. तिनं दाबली.

"आलो रं बाळा…" बाईचा आवाज आला; इकडं बायकाही 'आलो'च म्हणतात. दमलेला, पण मायेचा. "ठेव तिथं कट्ट्यावर. भिजू नको."

दीप्तीला हसू आलं. "आक्का, मी पार्सलवाला न्हाय हो! आपली पार्सलं बदललीत."

उत्तर आलं नाही. पागोळ्या तेवढ्या गळत राहिल्या. मग दार उघडलं आणि एक तरुण बाहेर आला. उंच, दाढी वाढलेली, डोळे जागरणानं लाल. त्याच्या हातात तिचंच खोकं होतं. तिनं हातातलं त्याला दिलं आणि आपलं घेतलं.

"तुमच्या सँडल. नाव दुसरं दिसलं म्हणून फोडून बघितलं… माफ करा." तो क्षणभर घुटमळला. "रंग छान हाय."

"थँक्यू! आक्कांना सांगा हं, उगीच उठवलं त्यांना."

त्याचा चेहरा एकदम कोरा झाला. "आई… पडलीय जरा," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं. पण लावताना फटीतून त्यानं पुन्हा एकदा तिच्याकडं पाहिलं. ती नजर घेऊनच दीप्ती घरी आली.

रात्रीच्या जेवणात तिनं सहज विषय काढला. शालूबाईंच्या हातातला घास तिथंच थांबला.

"कोण बोललं म्हणालीस?"

"राजमतीआक्का."

"अगं, ती गेल्या दिवाळीच्या आधीच गेली की गं! मी स्वतः गेलतो तिच्या मातीला. घरात पोरगा एकटाच ऱ्हातोय, गोमटेश. उद्यमबागेत फौंड्रीत इंजिनिअर हाय."

दीप्तीनं ताट सरकवलं. तो आवाज तिनं कानांनी ऐकला होता… भिजू नको म्हणाला होता.

दोन दिवस ती त्या गल्लीकडं फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडं वळले. भीती होती, पण त्या लाल डोळ्यांची ओढही होती. यातलं जास्त काय होतं, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. तिनं बेल दाबली.

"आलो रं बाळा… ठेव तिथं कट्ट्यावर. भिजू नको."

तेच शब्द. तोच मधला श्वास. शेवटी घशात अडकलेला तोच बारीक खोकला. दीप्तीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं पुन्हा दाबली. पुन्हा तेच, जसंच्या तसं.

गोमटेश दारात उभा होता. या वेळी त्यानं काही लपवलं नाही.

"बेलमधी आवाज भरून ठेवता येतो," तो म्हणाला. "तिचे गुडघे दुखायचे. उठून यायला वेळ लागायचा, म्हणून तिनंच भरलाय… आत येताय?"

दीप्ती आत गेली. त्यानं आईची खोली उघडून दाखवली आणि ती उंबऱ्यावरच थबकली. जमिनीपासून छतापर्यंत खोकी. चिकटपट्टीसुद्धा न काढलेली. मधोमध एक पलंग, त्यावरही खोकी, आणि ती अशी रचलेली की पांघरूण घेऊन कुणी झोपल्यासारखं वाटावं. दिवसाउजेडी तिथं अंधार होता. ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता.

"हे सगळं आक्कांनी मागवलं?"

"थोडं तिनं. मी पुण्याला होतो, ती एकटी… वेळ जात न्हवता तिचा." त्यानं एका खोक्यावरून हात फिरवला. "बाकीचं मी. तिच्या नावावर."

"पण उघडतही नाही, मग कशासाठी?"

"पार्सलवाला बेल दाबतोय म्हणून." त्यानं मान खाली घातली. "मी दाबली तर ते यंत्र वाटतंय. दुसऱ्या कुणी दाबली, की मला आत बसून वाटतंय… आई घरात हाय."

दीप्तीला स्वतःची खोली आठवली, रविवारची रिकामी संध्याकाळ, मोबाईलवर सरकणारं बोट. त्या सँडल तिला कुठं हव्या होत्या? दारात कुणीतरी आपलं नाव घ्यावं, एवढंच हवं होतं.

"एक खोकं फोडू या?" तिनं हळूच विचारलं.

पहिल्या खोक्यात लिंबू पिळायचं यंत्र निघालं. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही तेच निघालं, तेव्हा दोघं एकमेकांकडं बघून खो-खो हसले.

"घरात लिंबू तरी आहे का?" तिनं विचारलं.

"लिंबू न्हाय. पिळायला मी हाय."

"बघू, पिळून काय निघतंय ते!" ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

मग दर रविवारी ती येऊ लागली. चादरी, कढया, बाटल्या शालूबाईंमार्फत ज्याला गरज असेल त्याच्या घरी जाऊ लागल्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कळलंच नाही. खोकी कमी होत होती. तरी अधूनमधून एखादं नवं येऊन पडायचंच. तो नजर चुकवायचा.

एकदा निघताना तो म्हणाला, "येताना बेल दाबूनच येत जा हं."

दीप्ती वळली. "का? मी तुला भेटायला येते, की तिला बोलती करायला?"

"दीप्ती…"

"मी कोण, गोमटेश? दारात आलेलं आणखी एक पार्सल?"

पुढच्या रविवारी ती आली, पण बेल दाबली नाही. फाटक ढकलून सरळ आत आली. तो रुसला नाही. दोघं मुकाट्यानं खोकी फोडत बसले. बाहेर पाऊस एकाएकी वाढला, दिवेलागणीलाच दिवे गेले.

आणि अंधारात आवाज आला.

"आलो रं बाळा…"

दोघांनी एकदम फाटकाकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

"आलो रं… आलो रं… आलो…"

आवाज थांबेना. सेलवर चालणाऱ्या बेलमध्ये पाणी गेलं होतं, हे दोघांनाही कळत होतं. तरी दीप्ती गोमटेशच्या जवळ सरकली. आवाज मधेच चिरकायचा, मधेच जाड व्हायचा, जणू कुणी पाण्याखालून हाक मारतंय. "भिजू नको… नको… नको…" गोमटेश भिंतीला टेकून लहान पोरासारखा कापत होता.

दीप्तीनं त्याचा हात धरला. "ती किती दमलीय, ऐकतोयस?"

तो ऐकत राहिला. मग तिचा हात न सोडता पावसात उतरला. बेल भिंतीतून उपटून काढली आणि ओल्या शर्टाशी धरली.

"बस आई," तो म्हणाला. "बस आता. कुणी आलेलं न्हाय. झोप तू."

आवाज बारीक होत गेला… आणि थांबला. मग तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडला, गेल्या दिवाळीपासूनचं सगळं.

त्यानंतर नवं खोकं आलं नाही. खोली रिकामी झाली तेव्हा मागच्या भिंतीत चक्क एक खिडकी निघाली. गोमटेशनं जोर लावून ती उघडली. बाहेर शेजाऱ्यांचं पेरूचं झाड होतं, निथळणारं.

"ह्या खोलीत आता काय आणू या?" त्यानं विचारलं.

"काही नको. हवा येऊ दे."

"आणि… तू? कायमची?"

दीप्ती खिडकीबाहेर बघत राहिली. ओठांच्या कोपऱ्यातलं हसू मात्र तिला लपवता आलं नाही.

"आधी निपाणीला येऊन माझ्या आप्पांना भेट. आणि येताना काही घेऊन येऊ नको."

"मोकळ्या हातानं? पेढे तरी?"

तिनं जरा विचार केला.

"पेढे चालतील," ती म्हणाली. "पावशेर. खाऊन संपतील एवढेच."