समासातली वजनं

पस्तीस वर्षं वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करून मी निवृत्त झालो, तेव्हा गावाने सूड म्हणून मला वाचनालयाच्या समितीवर घेतलं. समितीचे अध्यक्ष म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, निवृत्त इंजिनियर. त्यामुळे घरात काय आणि समितीत काय, मला नियम एकच होता: ऐकून घ्यायचं.

आमचं वाचनालय तळ्याकाठी, पहिल्या मजल्यावर आहे. दर दहा वर्षांनी तिथे पुस्तकं बाद करतात. शेवटच्या पानावर चिकटवलेला तारखांचा कागद बघायचा. दहा वर्षांत एकही शिक्का नसेल तर पुस्तक गठ्ठ्यात, गठ्ठा कागदगिरणीत आणि लेखक लगद्यात. माझी तीन पुस्तकं मागच्याच खेपेला गेली, तेव्हा मला या कामाची भीती उरली नव्हती.

यंदा पाळी आली मासेमारीच्या कपाटावर. सतरा जुनी पुस्तकं, शेवटचा शिक्का बारा वर्षांपूर्वीचा. ती जमवली होती ग्रंथपालबाईंच्या वडिलांनी. बाईंच्या आधी ग्रंथपाल तेच होते. अध्यक्षांना त्या जागी दोन संगणक बसवायचे होते. बाई सहसा कुणाकडे काही मागत नाहीत. त्या दिवशी मला म्हणाल्या, "बाद करण्याआधी एकदा वाचा तरी. घरात अण्णांचं काही राहिलं नाही हो. जे आहे ते या कपाटात आहे."

मी त्यातलं सगळ्यात जाडजूड पुस्तक काढलं. मासा मी फक्त ताटात ओळखतो, तेव्हा चाळून परत ठेवायचा बेत होता. दुपारी दोनला बसलो. मान वर केली तेव्हा वाचनालय बंद व्हायची वेळ झाली होती आणि समोरचा चहा केव्हाचा गार पडला होता.

असल्या पुस्तकांची गंमत सांगतो. लेखकाला कसली म्हणून घाई नाही. गाठ कशी मारावी याला अर्धं पान, आणि गाठ मारताना आभाळात काय चाललं होतं याला तीन पानं. पहिला मासा लागतो चाळिसाव्या पानावर, आणि तो निसटतो. त्यावर लेखक माशाचंच कौतुक करतो. आयुष्यभर मी ज्या थापेबाजांवर लिहिलं, त्यांच्यात हा एकच असा निघाला की जो स्वतःच्या फजितीबद्दल थाप मारत नव्हता. घरी गेलो तरी पुढच्या पानावर काय असेल याची रुखरुख लागली. दुसऱ्या दिवशी जेवण अर्धं टाकून परत गेलो. बायको म्हणाली, एवढ्या ओढीने तुम्ही लग्नातही आला नव्हता.

समासात पेन्सिलीने नोंदी होत्या. तारीख, वजन, वेळ, आणि शेवटी एक शब्द. ‘बासष्ट किलो. पाऊण तास. सोडला.’ ‘एक्काहत्तर किलो. वीस मिनिटं. सोडला.’ अशा पानोपानी. अक्षर एकच, गोल आणि शांत. आमच्या तळ्यात बोटाएवढ्या मासोळीपलीकडे कुणी काही काढलेलं नाही. मी त्या समितीतल्यांना दाखवल्या आणि आम्ही पोट धरून हसलो. गळ टाकणारा माणूस थापा मारतो हे जगजाहीर आहे, पण थाप मारायलाही काही माप असतं.

बाई मात्र हसल्या नाहीत. अण्णा दर वर्षी त्या नोंदी रबराने खोडायचे, म्हणाल्या, आणि वर्षभरात त्या परत यायच्या. वाचकांना लाज नाही म्हणून अण्णा चिडायचे.

पण बारा वर्षांत वाचकच नव्हता. कपाटाला कुलूप, किल्ली बाईंच्या पर्समध्ये. शेवटची नोंद आदल्या दिवसाची होती: ‘अडुसष्ट किलो. साडेतीन तास. सोडला.’ मी तिच्यावरून बोट फिरवलं तर पेन्सिलीची पूड बोटाला लागली. कागद किंचित दमट होता. मी खिडकीकडे बघून मनात म्हटलं, तळ्याची हवा. माणसाला कारण सापडलं की बरं वाटतं.

समितीच्या बैठकीत मी त्या सतरा पुस्तकांची इतकी बाजू घेतली की सभासद एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "भाऊजी, या पुस्तकाच्या जोरावर तळ्यातून एक मासा काढून दाखवा. कपाटाला हात लावणार नाही."

रविवारी सकाळी सगळी समिती काठावर हजर. बाईंनी पुस्तक पिशवीत घालून पोटाशी धरलं होतं. मी गळाची उसनी काठी घेतली आणि त्रेसष्टाव्या पानावर सांगितलं होतं ते एकेक करत गेलो. ऊन पाठीवर. जिथे झाडाची सावली बुडालेल्या दगडाला टेकते ती जागा. कणकेची गोळी वाटाण्याएवढी. बोलायचं नाही. गप्प बसणं मला जन्मात जमलं नव्हतं. त्या दिवशी ते सोपं गेलं.

अध्यक्ष घड्याळ बघत होते. अर्धा तास झाल्यावर त्यांनी बाईंना विचारलं, गठ्ठे बांधायला सुतळी आणली आहे का. बाईंनी पिशवी आणखी घट्ट धरली.

बुचाचा तुकडा बुडाला.

दोर ताणला गेला. मी काठी उचलली. पलीकडची ओढ धसमुसळी नव्हती. ती थांबत होती, पुन्हा ओढत होती, जणू अंदाज घेत होती.

मी एक पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं. चपला ओल्या झाल्या हे कळलं, गुडघे भिजले हे कळलं नाही.

मागून बाईंनी शर्ट धरला.

ओढ सैल पडली.

आणि मासा वर आला. रुपेरी, हातभर लांब, उन्हात लखलखणारा. वजनाचा काटा अध्यक्षांनीच आणला होता. दोन किलो शंभर ग्रॅम. सभासदांनी अशा टाळ्या वाजवल्या की रस्त्यावरची माणसं काठाशी आली. पुस्तक सांगतं तसा मी मासा परत पाण्यात सोडला. अध्यक्षांनी तिथेच, माझ्या पाठीवर कागद ठेवून, कपाट कायम ठेवल्याची सही केली. बाई एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होत्या. पस्तीस वर्षांत माझ्या लिखाणाने कुणाचं काही वाचलं नव्हतं. त्या दिवशी अण्णांची सतरा पुस्तकं वाचली.

बाईंनी पिशवीतून पुस्तक काढून त्रेसष्टावं पान उघडलं. आजची तारीख होती. ‘अडुसष्ट किलो. चाळीस मिनिटं. सोडला.’

अध्यक्ष खांद्यावरून वाकून खो खो हसले. "दोन किलोचे अडुसष्ट. भाऊजी, पक्के थापेबाज झालात."

 पुस्तक सकाळपासून बाईंच्या पोटाशी होतं. आणि माझं वजन गेली दहा वर्षं अडुसष्ट किलो आहे.

आता कपाटासमोर रांग असते. तारखांचे कागद शिक्क्यांनी भरले, बाईंना नवे चिकटवावे लागले. संगणक जिन्याखाली गेले. सगळ्यात मोठे भक्त झाले अध्यक्ष. रोज सकाळी येऊन तासभर ते जाडं पुस्तक वाचतात आणि मग एकटेच तळ्यावर जातात. पाण्याची पातळी तपासायला, असं सांगतात. आम्ही दोघं त्यावर जेवताना हसतो, मी आणि बायको.

आज सकाळी अध्यक्ष वाचून खाली गेल्यावर मी पुस्तक हातात घेतलं. पान ओलं होतं. आजची तारीख, एक्क्याण्णव किलो, एक तास दहा मिनिटं.

खिडकीतून तळं दिसतं. अध्यक्ष कमरेइतक्या पाण्यात उभे होते. मी दोन हाका मारल्या. त्यांनी मान वळवली नाही. बाई जिना उतरत धावल्या.

मी पुन्हा पानाकडे बघितलं. शेवटचा शब्द अजून लिहिलेला नव्हता.