डावीकडची टिकटिक

मार्चमध्ये शाळा अर्ध्या दिवसाची झाली आणि शिक्षिका असलेली प्रीती दुपारी साडेबारालाच घरी येऊ लागली. येताना दळण आणायचं, आल्यावर वडिलांना जेवायला वाढायचं, एवढंच काम. पहिल्याच दुपारी, एक वाजून दहा मिनिटांनी, खुशाल गुरुजी अर्ध्या भाकरीवरून उठले आणि उष्ट्या हातानेच फाटक उघडून उभे राहिले.

"काऊन उठले, बाबा?"

"देवानंद आला ना."

देवानंद, तिचा भाऊ, जाऊन आठ महिने झाले होते. त्यांच्या बेला गावातल्याच मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, कारकून होता, रोज एक-दहाला जेवायला घरी यायचा. एका रविवारी आदिलाबाद रस्त्याच्या वळणावर तो मोटरसायकलसकट गेला.

प्रीतीला रडू आलं नाही, राग आला. ज्या माणसाने उभी हयात पोरांना शिकवलं की भूतखेत सगळं झूट आहे, जो अमावास्येला मुद्दाम मसणवट्यातून सायकल काढायचा, त्याने आता असं बोलावं? तिने फाटक आदळून लावलं.

तेवढ्यात तिलाही ऐकू आलं.

रस्ता रिकामा, तापलेला. त्यावरून दोन सिलिंडरचा तो भरीव आवाज हळूहळू जवळ येत होता आणि त्यात डावीकडून बारीक टिकटिक. ती टिकटिक तिला झोपेतही ओळखता आली असती. देवानंद ओसरीवर पोतं अंथरून इंजिनाच्या झडपांचे टॅपेट स्वतःच बसवायचा आणि डावीकडचा एक मुद्दाम जरासा सैल सोडायचा. "आवळला तं जळते, सैल ठेवला तं बोलते," असं त्याचं म्हणणं. मग त्याचा नट हलला तर कळावा म्हणून त्यावर प्रीतीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. त्या बाटलीवरून दोघांची जुंपायची.

आवाज फाटकाशी येऊन थांबला. गाडी देवानंदची नव्हती. त्याची उभ्या हँडलची होती, ही लांब आणि बुटकी. वर बसलेला अवधूत, बँकेत नव्यानेच आलेला अधिकारी, घामाने निथळत होता.

"माफ करा, ताई," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मला बँकेत जायचं असतं... रोज याच वेळेला गाडी इकडे वळते. मी वळवत नाही."

"कोठून घेतली?"

"जुनीच घेतली. आदिलाबादला, सुरेंद्रच्या वर्कशॉपमधून."

प्रीतीच्या डोक्यात तिडीक गेली. याच सुरेंद्रकडे तिने भावाची मोडकी गाडी विश्वासाने सोपवली होती. इंजिन फुटलं, भंगारात गेलं, असं तो हात जोडून सांगत होता. म्हणजे भूत नव्हतंच. चोरी होती, चक्क मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं होतं.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून अवधूतबरोबर वर्कशॉपवर गेली. सुरेंद्र हसला.

"ताई, ह्या कंपनीच्या तीन गाड्या हायेत. उभ्या हँडलची, झुकत्या हँडलची, अन् ही बुटकी. तिन्हीत इंजिन एकच. एकाच घरातली लेकरं म्हना ना. आवाज सारखाच येईन."

"लेकरं सारखी हायेत म्हणून एकाचं काळीज काढून दुसऱ्याच्या छातीत घालता काय तुमी?" प्रीती स्टूल ओढून गाडीसमोर बसली. "वरचं झाकण काढा. तोवर मी हालत नाही."

कोणी हात लावेना, तेव्हा अवधूतनेच पाना घेतला. झाकण निघालं. डावीकडच्या नटावर लाल ठिपका होता. खाली इंजिनाचा नंबर घासून नवा ठोकलेला होता. आठ महिन्यांचं सगळं प्रीती तिथे बोलली. भर बाजारात बोलली, माणसं जमली तरी थांबली नाही. तिला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

अवधूतला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. संध्याकाळी तिच्यातून उतरवलेलं इंजिन टेम्पोतून प्रीतीच्या घरी आलं, ऑइल काढलेलं, तारा तोडलेल्या. ओसरीवर दोन विटांवर ठेवून तिने वर पोतं टाकलं.

"सुरेंद्र म्हने, तिन्ही गाड्या एकाच घरातल्या," तिने बाबांना सगळं सांगितलं. "चोर होता, बाबा. दुसरं काही नवतं."

गाडी आपोआप का वळायची, हे तिने सांगितलं नाही. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ती ताटं वाढत होती. एक-दहा झाले आणि आवाज आला.

तिने आधी ओसरीकडे पाहिलं. पोतं जागच्या जागी होतं. आवाज रस्त्यावरूनच येत होता, भरीव, डावीकडे टिकटिक करत. फाटकाशी झुकत्या हँडलची, अजून प्लास्टिकही न काढलेली कोरी गाडी उभी राहिली. वर सुरेंद्र होता.

"ताई..." त्याचे ओठ पांढरे पडले होते. "गिऱ्हाइकाला द्याची होती... जरा चालवून पाह्यली. आदिलाबादपासून थांबूनच नाही राह्यली." त्याने मूठ उघडली. मुठीत किल्ली होती. गाडी चालूच होती.

गुरुजींनी या वेळी हात स्वच्छ धुतले, पुसले आणि फाटकाशी गेले.

"इंजिन एकच हाय ना, सुरेंद्र?" ते शांतपणे म्हणाले. "एकाच घरातलं."

"फाटक नका उघडू, गुरुजी..."

प्रीतीला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. "उघडा, बाबा," ती म्हणाली.

कडी वाजली. ती ओसरीकडे वळली आणि पोतं उचललं. खालचं इंजिन चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखं तापलेलं होतं. वरचं झाकण सुटंच होतं, ते तिने पदराने धरून बाजूला केलं आणि डावीकडच्या नटाला बोट लावलं.

बोटाला लाल लागलं. ठिपका ओला होता. ती बाटली तर तिने आठ महिन्यांपूर्वीच फेकून दिली होती.